जाळ्यात न बसलेले गाव

प्रकल्प व्यवस्थापन हा विषय मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जवळजवळ तीस वर्षे शिकवला. शिकवला म्हणजे काय, तर फळ्यावर वर्तुळे काढली, ती बाणांनी जोडली, बाणांवर दिवसांचे आकडे घातले आणि त्या जाळ्यातली सर्वांत लांब वाट कोणती ते शोधायला मुलांना सांगितले. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली बहुतेक मुले शेतकऱ्यांची. पोलादाचा कारखाना किंवा मोठा पूल त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहत नसे, म्हणून मी विहिरीचे उदाहरण घेई. खोदायला दोन महिने, बांधून काढायला एक महिना, पंप बसवायला दोन दिवस. विजेच्या जोडणीचा अर्ज खोदकाम चालू असतानाच करता येतो, म्हणून त्याचा बाण वेगळा. मग मी विचारी, ‘सांगा बरे, विहिरीचे पाणी शेतात केव्हा पोचेल?’ मागच्या बाकावरून हमखास उत्तर येई, ‘सर, डिमांड भरून दोन वर्षं झाली, अजून खांबच आले नाहीत.’ वर्ग हसे, मीही हसे. पण सारा धडा त्या विनोदातच होता. काम केव्हा पुरे होईल हे सर्वांत कष्टाचे काम ठरवत नाही, सर्वांत लांब वाट ठरवते. विहिरीच्या बाबतीत ती वाट पहारीच्या टोकातून जात नाही, कचेरीच्या टेबलावरून जाते.

१९९९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी विहिरीऐवजी मी धरण घेतले होते. पायाचे खोदकाम, मातीचा भराव, सांडवा, दरवाजे, कालवे असे एकेक वर्तुळ फळ्यावर चढत होते. तास संपता संपता एक मुलगा उभा राहिला. जिल्ह्यातल्याच एका नियोजित धरणाच्या बुडितात त्याचे गाव जायचे होते. ‘सर,’ तो म्हणाला, ‘या जाळ्यात आमचं गाव कुठं आहे?’

मी सांगितले की भूसंपादन आणि पुनर्वसन हे बांधकामाच्या आधीचे टप्पे धरतात, म्हणून ते इथे दाखवलेले नाहीत. पाठ्यपुस्तकाप्रमाणे उत्तर बरोबर होते. मुलगा खाली बसला. पण उत्तर देताना माझा आवाज नेहमीसारखा नव्हता, हे मला ठाऊक होते आणि बहुधा त्यालाही. गावाचे आणि धरणाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण ही कहाणी एकट्या त्या गावाची नाही. त्या प्रश्नाने मला मात्र स्वस्थ बसू दिले नाही. हा विषय कुठून आला, त्यात कोणते प्रश्न विचारले गेले, कोणते राहून गेले, याचा शोध मी पुढे सवडीप्रमाणे घेत राहिलो. आज त्या शोधाचा हिशेब वाचकांपुढे मांडावा असे वाटते. आपल्या जिल्ह्याचे निम्मे भवितव्य अपुऱ्या प्रकल्पांत अडकलेले असताना हा विषय केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

काळाचा हिशेब

प्रकल्प माणसाने पूर्वीपासून केले. वेरूळचे कैलास लेणे डोंगर वरून खाली कोरत नेणाऱ्यांना कामाचा क्रम ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? पण या कामाचा स्वतंत्र अभ्यास विसाव्या शतकातला. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने १९१० नंतरच्या दशकात आडव्या पट्ट्यांचे तक्ते प्रचारात आणले. कोणते काम केव्हा सुरू व्हायचे, केव्हा संपायचे आणि आज कुठवर आले, हे त्यात एका नजरेत दिसे. आजही कोणत्याही साइटवरच्या कचेरीत भिंतीवर हाच तक्ता टांगलेला असतो. त्यात उणीव एवढीच की एक काम अडले तर दुसरे कोणते अडेल, हे पट्ट्या सांगत नाहीत.

ते सांगणारी रीत १९५७ च्या सुमारास निघाली. ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीतले जेम्स केली यांनी मिळून सर्वांत लांब वाट शोधण्याचे गणित बसवले. तीच मी फळ्यावर शिकवत असलेली रीत. पुढच्याच वर्षी अमेरिकन नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तिची बहीण शोभेल अशी दुसरी रीत तयार केली. तिच्यात प्रत्येक कामाला एक नव्हे, तीन मुदती विचारतात: सगळे सुरळीत झाले तर किती, बहुधा किती, आणि सगळेच बिघडले तर किती. दोन महिने, तीन महिने आणि दहा महिने असे उत्तर आले तर मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन सरासरी काढायची. ती येते चार महिने. अनिश्चितता मोजता येते, हा विश्वास या साध्या गणिताने जगाला दिला.

पोलॅरिसचे काम लवकर झाले आणि त्याचे श्रेय या रीतीला मिळाले. तिची कीर्ती जगभर पसरली. पण १९७२ साली हार्वे सॅपोल्स्की या अभ्यासकाने त्या कामाचा इतिहास लिहिला तेव्हा वेगळीच गोष्ट पुढे आली. या रीतीचा खरा उपयोग कामाला वेग देण्यासाठी कमी आणि वरच्यांना प्रभावित करून त्यांची ढवळाढवळ टाळण्यासाठी जास्त झाला होता. भिंतीवरचा तक्ता पाहून पाहुणे खूश होत आणि काम करणाऱ्यांना काम करू देत. साहेबांच्या दौऱ्याआधी तक्ते रंगवण्याची आपल्याकडची रीत त्यामानाने फार निराळी म्हणता येणार नाही!

तरीही या पहिल्या पिढीच्या संशोधनाला कमी लेखण्याचे कारण नाही. कामाची उकल करणे, क्रम लावणे, मुदत ठरवणे आणि रोज तिच्याकडे पाहणे, एवढी शिस्त आली तरी काय होऊ शकते ते कोकण रेल्वेने दाखवले. १९९० मध्ये तिच्यासाठी वेगळे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन प्रमुख झाले, आणि रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतची सुमारे साडेसातशे किलोमीटरची वाट, नव्वदच्या वर बोगदे खणून, जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण झाली. ठरल्यापेक्षा उशीर झालाच. पेडण्याच्या बोगद्यातल्या चिखलमातीने सगळी गणिते मोडली. पण पिढ्यान्‌पिढ्या स्वप्न म्हणून राहिलेली गाडी आठ वर्षांत धावली. आमच्या खामगाव–जालना रेल्वेची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे. तिच्याकडे पाहिले म्हणजे या आठ वर्षांचे मोल कळते.

पुरे झाले, पण कशासाठी?

पहिली पिढी विचारत होती, ‘काम वेळेत कसे पुरे करावे?’ दुसऱ्या पिढीने विचारले, ‘वेळेत पुरे झाले म्हणजे यशस्वी झाले का?’ तोवर यशाची व्याख्या तीन शब्दांत मावत होती: मुदत, खर्च आणि दर्जा. या त्रिकोणात बसले ते यश, बाहेर गेले ते अपयश.

या व्याख्येला तडे जाण्याची सुरुवात १९६७ साली झाली, तीही अभियंत्याकडून नव्हे. अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने जागतिक बँकेच्या मदतीने निरनिराळ्या देशांत उभ्या राहिलेल्या अकरा प्रकल्पांचा अभ्यास केला. त्यांत आपला दामोदर खोरे प्रकल्पही होता. त्याचे म्हणणे मोठे गमतीचे होते. पुढच्या अडचणी आधी दिसल्या असत्या तर माणसाने अनेक चांगली कामे हातीच घेतली नसती. अज्ञानामुळे तो उडी घेतो आणि मग बुडू नये म्हणून पोहायला शिकतो. ही मांडणी आशादायक आहे. पण बुडणारा एक आणि पोहायला शिकणारा दुसरा असला तर काय, हा प्रश्न ती सोडून देते.

१९८७ मध्ये ब्रिटनमधल्या पीटर मॉरिस आणि जॉर्ज हफ यांनी मोठ्या प्रकल्पांची चिरफाड करणारा ग्रंथ लिहिला. प्रकल्प बुडतात ते बहुतेक वेळा जाळ्यातल्या बाणांमुळे नव्हे, तर जाळ्याबाहेरच्या गोष्टींमुळे बुडतात, असे त्यांना दिसले. राजकारण, पैशाचा पुरवठा, लोकांचा विरोध, मालकाचे बदलते मन. १९९९ मध्ये, म्हणजे माझ्या वर्गातला तो मुलगा उभा राहिला त्याच वर्षी, रॉजर अ‍ॅटकिन्सन यांनी सरळच लिहिले की मुदत आणि खर्च हे काही जाणत नसताना केलेले दोन अंदाज आहेत, आणि त्यांच्यावर यश मोजण्यात अर्थ नाही. मोजायचे तर प्रकल्पाचा लाभ कोणाला झाला, किती झाला, ते मोजा.

या प्रश्नाला आमच्या जिल्ह्यात जुने उत्तर आहे. १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही आठ मैलांची रेल्वे सुरू झाली. अमेरिकेतल्या यादवीने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला होता, आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरावर लवकर पोचायला हवा होता. हेतू स्वच्छ, लाभधारक ठाऊक, अंतर लहान. तीन शब्दांच्या व्याख्येतही काम यशस्वी आणि लाभाच्या हिशेबातही यशस्वी. फक्त लाभ कोणाचा, हे विचारले की उत्तर मँचेस्टरकडे जाते. कापूस पिकवणाऱ्याच्या घरापर्यंत त्यातले किती आले, हे त्या काळी कोणी यशाच्या मापात धरले नाही.

आता आजचे उदाहरण. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्या मेहकर, सिंदखेडराजा या भागांतून जातो. २०१५ मध्ये घोषणा झाली, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा तुकडा जोडला गेला. एवढ्या लांबीच्या कामाला दहा वर्षे हा आपल्याकडचा अनुभव पाहता चांगलाच वेग. पण १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. एका अपघातावरून रस्त्याला दोषी ठरवणे बरोबर नाही. मात्र रस्ता खुला झाला तेव्हा वाटेतल्या विश्रांतीच्या, उपाहाराच्या सोयी पुऱ्या झालेल्या नव्हत्या, हेही सर्वांना माहीत आहे. गाडी चालवणारा माणूस थकतो, त्याला उतरून चहा प्यावा लागतो, ही गोष्ट बांधकामाच्या जाळ्यात शेवटच्या वर्तुळानंतर येते. फीत कापली की प्रकल्प संपतो आणि लोकांसाठी रस्ता तेव्हा सुरू होतो.

चूक की खोटेपणा?

तिसऱ्या पिढीने विचारलेला प्रश्न सर्वांत बोचरा आहे: अंदाज चुकतात की चुकवले जातात?

चुकतात, हे आधी मानसशास्त्रज्ञांनी सांगितले. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवले की आपले काम किती दिवसांत होईल हे सांगताना माणूस फक्त हातातल्या कामाकडे पाहतो, अशाच इतर कामांना किती दिवस लागले हे पाहत नाही. पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. प्रबंध किती दिवसांत पुरा कराल, असे विचारल्यावर सरासरी उत्तर आले ३४ दिवस. लागले ५५. आमच्या मुलांचा प्रयोग केला असता तर आकडे याहून रंजक आले असते.

पण डॅनिश अभ्यासक बेंट फ्लिव्हबर्ग यांनी २००२ मध्ये या भोळ्या खुलाशावर बोट ठेवले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस देशांतल्या २५८ रेल्वे, पूल, बोगदे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांचे हिशेब तपासले. दहापैकी नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा वाढला होता. शिवाय सत्तर वर्षांत या चुकीत काहीही सुधारणा झालेली नव्हती. खरी चूक असती तर कधी जास्त, कधी कमी असा दोन्हीकडे अंदाज चुकला असता, आणि माणूस चुकांतून शिकला असता. ज्या अर्थी चूक नेहमी एकाच बाजूला होते आणि कोणी शिकत नाही, त्या अर्थी कमी सांगण्यात कोणाचा तरी फायदा आहे, असा त्यांचा युक्तिवाद. २०१४ मध्ये ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या गटाने ६५ देशांतल्या २४५ मोठ्या धरणांचा हिशेब लावला, तेव्हा सरासरी खर्चवाढ ९६ टक्के निघाली. म्हणजे शंभर रुपये सांगून जवळजवळ दोनशे लागले.

दुप्पट! आम्हा विदर्भातल्या माणसांना हा आकडा वाचून जगाचा हेवाच वाटावा. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दचा १९८३ मधला अंदाज ३७२ कोटींचा होता आणि पुढे तो १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. आपल्या जिल्ह्यातला, नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्प घ्या. १९९४ च्या सुमारास त्याचा अंदाज ३९४ कोटींचा होता. पुढच्या सुधारित अंदाजांत तो तेरा हजार कोटींच्या वर गेला. तीसपटीहून जास्त. आठ किलोमीटरहून लांब मातीचे धरण, उपसा योजना आणि बुलढाणा व अकोला जिल्ह्यांतल्या सुमारे एक लाख हेक्टरांना पाणी, असे त्याचे स्वरूप. ज्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी ना पिकाला चालते ना पोटाला, त्या पट्ट्याला याहून मोठे वचन कोणते? आणि त्यासाठी चाळीसहून अधिक गावे पूर्ण किंवा काही अंशी बाधित. ते वचन अजून पुरते फळाला आलेले नाही.

इथे न्यायाने बोलले पाहिजे. तीस वर्षांत रुपयाची किंमत उतरली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढला, आणि तो वाढायलाच हवा होता. कामाची व्याप्तीही बदलत गेली. पण हे सगळे वजा केले तरी फार मोठा फरक उरतो. २०१२ मध्ये राज्यात सिंचनावर श्वेतपत्रिका निघाली, मग माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २०१४ मध्ये तिचा अहवाल आला. त्या सगळ्या वादात गैरव्यवहार हा शब्द गाजला, आणि तो चौकशीचा विषय आहेच. पण त्यामागचे कमी गाजलेले एक साधे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. एका वेळी फार कामे सुरू केली गेली आणि प्रत्येकाला थोडे थोडे पैसे मिळत राहिले.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. वाफसा चार दिवसांचा, बैलजोडी एक, आणि पाच शेतांत एकाच वेळी तिफण घातली तर एकही शेत वेळेवर पेरून होत नाही. इस्रायलचे एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ मध्ये हीच गोष्ट प्रकल्पांविषयी मांडली. जाळ्यातली वाट कामांच्या क्रमानेच ठरत नाही, माणसे, यंत्रे आणि पैसा किती आहे त्यावरही ठरते. शंभर प्रकल्पांचे नारळ फोडले म्हणजे शंभर मतदारसंघ खूश होतात. त्यांतले दहाच पुरे करण्याचे धैर्य दाखवायचे तर नव्वद ठिकाणी नाराजी पत्करावी लागते. अंदाज कमी का सांगितला जातो, याचे उत्तरही इथेच आहे. खरा आकडा सांगितला असता तर नारळ फुटलाच नसता.

मधला काळ

चौथा प्रश्न मला तरी सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो स्वीडनमधून सुरू झाला. रॉल्फ लुंडिन आणि आंडेर्स सोडरहोल्म यांनी १९९५ मध्ये प्रकल्पाला ‘तात्पुरती संघटना’ म्हटले. माणसे एकत्र येतात, एक काम करतात आणि पांगतात. २००३ मध्ये मॅट्स एंगवॉल यांनी लिहिले की कोणताही प्रकल्प बेटासारखा एकटा नसतो. त्याला आधीचा इतिहास असतो आणि शेजारही असतो. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासकांच्या एका जाळ्याने या विषयाचा फेरविचार मांडला, आणि पुस्तकातला प्रकल्प सोडून प्रत्यक्षात माणसे काय करतात ते पाहा, असे बजावले.

‘तात्पुरती संघटना’ हे शब्द वाचले तेव्हा मला तो मुलगा आठवला. काही वर्षांनी त्याच्या लग्नाच्या निमित्ताने मी त्याच्या गावी गेलो होतो. गाव तिथेच होते. घरांच्या भिंतींचे पोपडे निघालेले, कौले सरकलेली. मी त्याच्या वडिलांना विचारले, दुरुस्ती का करत नाही? ते म्हणाले, ‘गाव तं पान्यात जानार हाये मास्तर. बुडनाऱ्या घराले चुना कोन लावते? अन्‌ जात तं नाही, बसलं हाये तसंच.’ मग मुलाकडे पाहून हसत म्हणाले, ‘याले पोरगी भेटली थेच नशीब. बुडितातल्या गावात पोरगी द्याले लोक धजत नाहीत.’

बुडिताची अधिसूचना निघाली की जमिनीच्या खरेदी-विक्रीवर आणि वाटणीवर बंधने येतात. कायद्याचा हेतू चांगला आहे. मोबदल्यासाठी खोटे व्यवहार होऊ नयेत. पण ही बंधने एक-दोन वर्षांसाठी कल्पिलेली असतात. तीच पंधरा, वीस वर्षे राहिली तर भावाभावांत वाटणी होत नाही, शाळेला नवी खोली मिळत नाही, कारण जाणाऱ्या गावावर खर्च कोण करील? प्रकल्पाच्या कागदावर या काळाचे नाव ‘विलंब’ असते. त्या गावात त्या काळाचे नाव आयुष्य असते. संघटना तात्पुरती खरी, पण तिच्या छायेत जगणाऱ्यांची एक पिढी त्यात संपते.

आमच्या विषयाने विलंब मोजला, त्याची कारणे शोधली, त्याचा खर्चही काढला. पण तो खर्च कंत्राटदाराचा आणि शासनाचा. गावाने वाट पाहण्यासाठी दिलेली किंमत कोणत्याही खर्चवाढीच्या कोष्टकात येत नाही. पुनर्वसनाचा कायदा करण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता. १९७६ पासून आपल्याकडे तसा कायदा आहे, आणि १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासून हा प्रश्न आपल्या कानांवर आहे. एवढी परंपरा असलेल्या प्रांतातून या ‘मधल्या काळा’चा पद्धतशीर अभ्यास पुढे यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

पुढची वाट

मग हा विषय आता कुठे निघाला आहे? एक वाट उघड दिसते. संगणकाकडे हजारो जुन्या प्रकल्पांची माहिती द्यायची आणि नव्याचा खर्च व मुदत त्याच्याकडून काढून घ्यायची. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या दिवसांत ते काम वेगाने चालले आहे, आणि त्यात तथ्यही आहे. फ्लिव्हबर्ग यांनी तर सांगूनच ठेवले आहे की आपल्या प्रकल्पाला आगळावेगळा समजू नका. अशाच शंभर प्रकल्पांचे काय झाले ते आधी पाहा आणि त्या मापाने आपला अंदाज वाढवा. ब्रिटनच्या अर्थखात्याने २००३ पासून अशी वाढ अंदाजात धरायला लावली आहे.

पण संगणक जुन्या कागदांवर शिकणार, आणि कागदांत जे नाही ते त्याला कसे कळणार? माझ्या फळ्यावर जसे गाव नव्हते, तसे त्याच्या स्मरणातही नसेल. चूक मात्र आता खडूने होणार नाही, आकड्यांच्या अधिकाराने होईल, आणि तिला हात वर करून प्रश्न विचारणारा मुलगाही वर्गात नसेल. म्हणून पुढच्या संशोधनाचे पहिले काम गणित सुधारण्याचे नाही, नोंद सुधारण्याचे आहे.

त्यासाठी परदेशाकडे पाहत बसण्याची गरज नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचा मूळ अंदाज, प्रत्येक सुधारित अंदाज आणि वाढीचे कारण एका पानावर, मराठीत, प्रकल्पाच्या जागी आणि तालुक्याच्या कचेरीत लावावे. किती भाववाढीने, किती भूसंपादनाने, किती आराखडा बदलल्याने, हे वेगवेगळे दाखवावे. दुसरी गोष्ट, नव्या धरणाला मान्यता देताना राज्यातल्या आधीच्या धरणांना प्रत्यक्ष किती वर्षे आणि किती पैसे लागले तो आकडा शेजारी लिहिण्याची सक्ती असावी. तिसरी गोष्ट, फीत कापल्यानंतर पाच वर्षांनी आणि दहा वर्षांनी हिशेब व्हावा: पाणी किती शेतांत पोचले, उठलेले गाव कसे बसले.

आणि चौथी गोष्ट आम्हा शिक्षकांच्या हातातली आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये झाली आहेत. शेवटच्या वर्षाची मुले दरसाल कुठून तरी उतरवलेले प्रकल्प अहवाल बांधून देतात आणि ते कपाटात जातात. त्याऐवजी चार मुलांनी एका अपुऱ्या कालव्याचा, एका बुडित गावाचा, एका रखडलेल्या पुलाचा इतिहास लिहावा. अधिकाऱ्यांना भेटावे, कंत्राटदाराला भेटावे, गावातल्या म्हाताऱ्यांना भेटावे. दहा वर्षांत एका जिल्ह्यात असे शेदोनशे इतिहास जमतील. ऑक्सफर्डने २४५ धरणांवर जगाला धडा दिला. आपल्याकडे धरणांची वाण कधीच नव्हती, वाण आहे ती लिहून ठेवण्याची.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी पुन्हा धरणाचे जाळे शिकवले. या वेळी पहिले वर्तुळ गावाचे काढले. नवी जागा मान्य होणे, तिथे रस्ता, पाणी, शाळा होणे, मोबदला मिळणे, घरे बांधणे, पावसाळ्याआधी गाव हलणे, असे एकेक बाण जोडले आणि प्रत्येकावर आपल्याकडच्या अनुभवाने वाटणारे महिने घातले. मुलांना सर्वांत लांब वाट काढायला सांगितली. ती भरावातून गेली नाही, सांडव्यातून गेली नाही, दरवाजांतूनही गेली नाही. पहिल्या वर्तुळापासून शेवटच्या वर्तुळापर्यंत ती गावातून गेली.

आमच्या शास्त्राचा नियम असा, की सर्वांत लांब वाटेवरच्या कामाला एक दिवस उशीर झाला तर साऱ्या प्रकल्पाला एक दिवस उशीर होतो, म्हणून लक्ष, माणसे आणि पैसा आधी तिथे द्यावा. हा नियम १९५७ पासून आहे. तो पाळण्यासाठी गाव फक्त जाळ्यात यायला हवे होते. त्या मुलाला हे उत्तर द्यायला मला वीस वर्षे लागली. त्या वीस वर्षांतही त्याचे गाव तिथेच होते.